वळणावरचा हात

डेपोत त्याला सगळे ‘पाच-चाळीस’ म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथंच ते सुखानं राहिलं. एकोणीस वर्षं सकाळची पाच-चाळीसची बस त्यानं नेली. शहरातून निघून सपाटीवर पन्नास किलोमीटर, मग घाटाचा चौदा किलोमीटरचा चढ, आणि घाट उतरून तीस किलोमीटरवर शेवटचा थांबा. तिथं चाळीस मिनिटं टेकायचं, की परत फिरायचं. त्याआधीची बारा वर्षं इतर मार्गांवर गेली. एवढ्या काळात हजारो माणसांनी त्याची पाठ पाहिली. तोंड पाहायला कुणी पुढं आलंच, तर ते भांडायला.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, साठीला टेकलेला पाच-चाळीस त्याच रस्त्यानं सायकलवरून निघाला. याला कारण सहा वर्षांची नात. मुलगा आणि सून लांब, सहा दिवसांच्या सायकलवाटेवर राहत होते. नात नुकतीच सायकल शिकली होती आणि फोनवर म्हणाली होती, “आजोबा, तुम्ही दोघं सायकलवर या. मी तुम्हाला घ्यायला सायकलवर येईन.” दोघं म्हणजे तिचे दोन्ही आजोबा, म्हणजे पाच-चाळीस आणि त्याचे व्याही. नातीला नाही म्हणण्याची ताकद दोघांपैकी एकातही नव्हती. आणि समोरच्या व्याह्यानं ‘हो’ म्हटल्यावर आपण मागं सरायचं, हेही दोघांच्यात नव्हतं. त्यांच्या बायकांनी मात्र सरळ आगगाडीची तिकिटं काढली. “आम्ही आधी पोचून चांगला डॉक्टर बघून ठेवतो,” विहीणबाई म्हणाल्या.

व्याहीबुवा त्रेसष्ट वर्षांचे, अंगानं सडसडीत, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. प्रवासात त्यांनी सामान कमीत कमी घेतलं होतं, पण खिशाला पेन्सिल होती. मुलांच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी दोघं एकमेकांशी अजून लग्नमंडपात असल्यासारखेच बोलत. ‘आपण आधी’, ‘छे छे, आपण.’ पहिल्या दिवशी एका अरुंद पुलावर दोघंही एकमेकांना पुढं जा म्हणत थांबले आणि मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं दोघांनाही काय ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या पायथ्याला, पिठाच्या गिरणीमागच्या भाड्याच्या खोलीत दोघं उठले.

“झोप कशी झाली?” व्याहीबुवांनी विचारलं.

“एकदम झकास. तुमची?”

“फारच गाढ.”

मग दोघंही भिंत धरून उभे राहिले. काल पन्नासच किलोमीटर झाले होते, पण ते सगळे पाच-चाळीसच्या अंगात एकाच जागी साठले होते. सायकलच्या सीटवर टेकताना त्यानं दात आवळले आणि वर ‘वा, काय हवा आहे’ असं म्हटलं. व्याहीबुवांनीही तेच केलं. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पिशव्या, पुढच्या दांड्याला पाण्याच्या बाटल्या, आणि सहाच्या सुमारास दोघं घाटाला लागले.

हा घाट पाच-चाळीसच्या पायांना पाठ होता. कुठं क्लच दाबायचा, कुठं दुसऱ्या गिअरवर यायचं, कुठल्या वळणावर समोरून लाकडाचे ट्रक अंगावर येतात, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण सायकलवरून हा वेगळाच घाट निघाला. बसमधून जो चढ जाणवायचासुद्धा नाही, तो इथं मांड्यांना पुरून उरत होता. आणि कितीतरी गोष्टी त्यानं कधी पाहिल्याच नव्हत्या. दगडी कठड्याच्या फटीतून झिरपणारं पाणी, त्याच्या कडेला वाढलेलं शेवाळ, खाली दरीत कुणाचं तरी मधमाश्यांच्या पेट्यांचं आवार. कापलेल्या लाकडाचा वास येत होता. तिसऱ्या किलोमीटरला कठड्यावर एक जुना हिरवा ओरखडा दिसला. तो कुणाच्या बसचा होता हे पाच-चाळीसला पक्कं माहीत होतं. त्यानं व्याहीबुवांना दरीतली झाडं दाखवली.

व्याहीबुवांना पाट्याच दिसत होत्या. एका वळणावर त्यांनी पाय टेकले.

“ड्रायव्हरसाहेब, हे बघा. ‘वाहने सावकास चालवा.’ सावकास! एकोणीस वर्षं तुम्ही याच्यासमोरून गेलात?”

“मी वळण वाचायचो, व्याहीबुवा. पाटी नाही.”

व्याहीबुवांनी पेन्सिल काढली, पाटीच्या उंचीकडे पाहिलं आणि हळहळून परत ठेवली.

पाचव्या किलोमीटरला मागून बस आली. पाच-चाळीसनं आवाजावरूनच ओळखली. नव्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, ऐसपैस जागा सोडली आणि अलगद पुढं काढली. “हात चांगला आहे,” पाच-चाळीस म्हणाला. पण ते धूड अंगाला वारा घालत निघून गेलं तेव्हा तो सायकल पार कठड्याला चिकटवून उभा होता. आपण इतकी वर्षं एवढं मोठं काहीतरी चालवत होतो, आणि कडेनं जाणाऱ्या सायकलवाल्यांवर कावत होतो!

त्यानंतरच्या विश्रांतीत, उकडलेली अंडी सोलता सोलता, त्यानं ती गोष्ट सांगितली. सांगायची म्हणून तो कालपासून संधी बघत होता.

“नवव्या किलोमीटरला एक उलटं वळण आहे. वळणावर एकच घर. त्या घरातली बाई रोज मला हात करायची.”

“तुम्हाला?”

“मलाच. सात-दहाला बस तिथं पोचायची. मी वळणाचा हॉर्न द्यायचो, की ती ओट्यावर हजर. हात वर करून असा हलवायची. मग मीही तिला म्हणून दोनदा हॉर्न द्यायचो. ऊन असो, पाऊस असो, एकोणीस वर्षं. एखाद्या दिवशी तर दोन्ही हात वर करायची.”

“दोन्ही?”

“खुशीत असेल.”

“कधी बोललात?”

“छे हो. प्रवाशांनी भरलेली गाडी वळणावर थांबवू का?” पाच-चाळीसनं अंड्यावर मीठ टाकलं. “पण बरं वाटायचं. डेपोत साहेब काही बोलला, घरी काही बिनसलं, तरी म्हणायचो, सात-दहाला एक माणूस तर आपली वाट बघतंय.”

व्याहीबुवांनी अंड्यांची टरफलं कागदात गोळा केली. मग म्हणाले, “आज थांबायचं का तिथं?”

“नको नको. काय म्हणून थांबायचं? लांबूनच हात करू आणि जाऊ.”

पण तसं व्हायचं नव्हतं. नवव्या किलोमीटरचं ते वळण आलं, घराचं छप्पर दिसलं, पाच-चाळीसनं शर्टाची कॉलर नीट केली आणि तेवढ्यात मागं ‘आई गं’ असा आवाज आला. व्याहीबुवा सायकलसकट रस्त्याच्या कडेला आडवे झाले होते. पोटरीत गोळा आला होता. पायाची बोटं वाकडी, तोंड पांढरं, आणि तशातही ते म्हणत होते, “काही नाही, काही नाही, आपण पुढं व्हा.”

पाच-चाळीसनं सायकल टाकली, खाली बसला आणि त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला.

“अहो, हे काय! व्याह्यांनी पाय धरायचे?”

“लग्नात धरले नाहीत, आज धरतो,” पाच-चाळीस म्हणाला आणि पोटरी रगडायला लागला. व्याहीबुवा हसू लागले, मग ओरडू लागले, मग दोन्ही एकदमच करू लागले.

हा गोंधळ ऐकून घरातली बाई बाहेर आली. पंचावन्न-छप्पन्नची असेल. कामाचा जाड एप्रन, हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. “मीठ-साखरेचं पाणी देते. आत घ्या त्यांना,” एवढंच म्हणून वळली. पाच-चाळीसनं तिला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं, पण त्या खांद्यांची ठेवण त्याला लगेच कळली. त्याचे कान तापले.

ओट्यावर खुर्च्याच खुर्च्या होत्या. काही उलट्या टांगलेल्या, काहींच्या बैठकी फाटून लोंबत होत्या, काहींना नव्या कोऱ्या वेताची जाळी. एका घंगाळात वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या होत्या. ती आसपासच्या खानावळींच्या आणि शाळांच्या खुर्च्या विणून द्यायची. व्याहीबुवांना तिनं एका भक्कम खुर्चीत बसवलं, पाय दुसरीवर ठेवला आणि पाणी दिलं. पाणी पोटात जाताच व्याहीबुवांना कंठ फुटला.

“बाई, तुमचे फार उपकार. आणि तुम्हाला सांगायचं म्हणजे, हे कोण आहेत ओळखलंत का? हेच ते. पाच-चाळीसच्या बसचे ड्रायव्हर. सात-दहाला तुम्हाला हॉर्न द्यायचे ते!”

बाईच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. तिनं पाच-चाळीसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही?” ती म्हणाली. “ते तुम्ही?”

“हो,” पाच-चाळीस लाजून म्हणाला. “तुम्ही रोज हात करायचात, म्हणून म्हटलं…”

“अहो, हात करायची म्हणजे? मी ‘वाजवू नका’ म्हणून हात करायची!”

पाच-चाळीसनं मघाशी नीट केलेली कॉलर उगाचच पुन्हा चाचपली.

“माझं थोरलं पोर रात्रभर रडायचं,” बाई म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला होता आणि आता दोन्ही हात मोकळे होते. “पहाटे सहाला कुठं डोळा लागायचा. आणि सात-दहाला तुमचा भोंगा! दुसऱ्या दिवशी मी पळत ओट्यावर आले, म्हटलं, ड्रायव्हरला खूण करावी. हात हलवला, तर तुम्ही दोनदा वाजवलात. तिसऱ्या दिवशी जोरात हलवला, तर हसून दोनदा वाजवलात! मला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. थोरलं मोठं झालं तोवर धाकटं झालं. धाकटं झोपायला लागलं तर सासरे अंथरुणाला खिळले, त्यांची झोप सशाची. किती वेळा तर मी अक्षरशः दोन्ही हात जोडले!”

“दोन्ही,” व्याहीबुवा हळूच म्हणाले.

 एकतीस वर्षांत प्रवाशांच्या शिव्या पाच-चाळीसनं पुष्कळ ऐकल्या होत्या, त्यांचं त्याला काही वाटत नसे. हे तसं नव्हतं. जी एकच गोष्ट तो मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवत आला होता, तीच खोटी निघाली होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, “चुकलं माझं. मला खरंच कळलं नाही.”

त्याचा चेहरा पाहून बाईनं हात खाली घेतले. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

“आता कशाला चुकलं म्हणता? पुढं पुढं तर तो आवाज आला की आपसूक हात वर जायचा. रागानं नाही, सवयीनं. आणि खरं सांगू? हा नवीन ड्रायव्हर वाजवत नाही. तुम्ही गेलात तेव्हा पहिले चार दिवस घरातल्या सगळ्यांना उशीर झाला. धाकट्याची परीक्षा चुकता चुकता राहिली. तेव्हाही मी तुमच्याच नावानं बोटं मोडली.”

“म्हणजे वाजवलं तरी बोलणी, नाही वाजवलं तरी बोलणी,” व्याहीबुवा म्हणाले.

“ड्रायव्हरला तेच असतं,” पाच-चाळीस म्हणाला, आणि बाई मोकळेपणानं हसली. तिच्या हसण्यानं तोही हसला, पण थोडा जपून.

तिनं उकडलेले बटाटे आणि ताजा पाव आणला. खाताना पाच-चाळीस एकदा या बाजूवर, एकदा त्या बाजूवर कलत होता. बाईनं ते बरोबर हेरलं.

“सीट लागते ना?”

“नाही, तसं काही…” व्याह्यांसमोर तो कसा कबूल करणार?

“मला नका सांगू. तीस वर्षं बसायच्या जागा विणतेय. माणूस खुर्चीत कसा बसतो त्यावरून मला त्याचं दुखणं कळतं. तुम्हालाही लागते,” ती व्याहीबुवांना म्हणाली. “तुम्ही दोघं आल्यापासून कोंबडीसारखे बसताय.”

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कालपासून,” व्याहीबुवांनी कबुली दिली.

“परवापासून,” पाच-चाळीस म्हणाला. “घरी सराव केला होता.”

बाई सायकलींपाशी गेली. पाच-चाळीसच्या सीटवर तळवा ठेवून तिनं डोळा बारीक केला. “टोक वर आलंय. सगळा भार पुढं येतो, मग लागणार नाही तर काय?” मग व्याहीबुवांना म्हणाली, “आणि तुमची तर दोन बोटं उंच आहे. पाना आणा.” पाना पाच-चाळीसच्या पिशवीत होताच. तिनं नट सैल केला, टोक जरासं खाली आणलं, त्याला बसायला लावलं, लांबून पाहिलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा केसभर हलवलं. एखाद्या खुर्चीचं माप घ्यावं तसं तिनं त्याचं माप घेतलं. मग व्याहीबुवांचं. निघताना जुन्या कापडात वेताची एक पातळ पट्टी गुंडाळून दिली. “पिशवीचा हूक सैल झालाय तुमचा. रात्री ही पट्टी भिजवा आणि हुकावर आवळून बांधा. वाळली की लोखंडासारखी बसेल.”

दोघांनी तिचा निरोप घेतला. पाच-चाळीसनं हात वर करावा की नाही याचा क्षणभर विचार केला आणि नुसती मान लववली.

उरलेले पाच किलोमीटर तो रस्त्यावर डोळे लावून पेडल मारत राहिला. व्याहीबुवांनी दोन पाट्या ओलांडल्या तरी चूक काढली नाही, म्हणजे त्यांनाही त्याचं मन कळलं होतं. माथ्यावर पोचल्यावर दोघं कठड्याला टेकून बसले. पलीकडं रस्ता वेटोळी घेत खाली चालला होता, त्याच्याही पलीकडं शेतांचे तुकडे.

“एक विचारू?” व्याहीबुवा म्हणाले. “तुम्हाला वाईट वाटलं?”

“वाटलं. मघाशी फार वाटलं.” पाच-चाळीसनं बाटली तोंडाला लावली. “पण आता एकच डोळ्यांसमोर येतंय. ती दोन्ही हात जोडतेय, आणि मी बसमधून हसतोय.”

“आणि दोनदा वाजवताय.”

“आणि दोनदा वाजवतोय!”

एवढं म्हणायला आणि त्याला हसू फुटायला एकच गाठ पडली. उतारावर लागल्यावरही ते थांबेना. एका हातानं ब्रेक, एका हातानं डोळे पुसणं चालू. दर दोन वळणांना थांबून ते रिम गार होऊ देत होते, ब्रेक फार तापू द्यायचे नाहीत हा त्याचा जुना नियम. थांबलं की पुन्हा हसू. वारा शर्टात शिरून पाठ गार करत होता. आणि मुख्य म्हणजे खालून काही लागत नव्हतं. पाच-चाळीसनं दोनदा मुद्दाम सीटवर बूड आपटून पाहिलं. बाईच्या हाताला खरंच गुण होता.

पुढचे तीस किलोमीटर सपाट होते. दुपारी समोरून वारा सुटला तेव्हा तो पुढं झाला. “माझ्या मागं चिकटून राहा, वारा मी तोडतो,” तो म्हणाला. “मागं माणूस बसलं असलं की मला बरं पडतं.” या वेळी व्याहीबुवांनी ‘छे छे, आपण’ म्हटलं नाही. मुकाट्यानं त्याच्या चाकामागं आले. तासाभरानं म्हणाले, “पाठ रुंद आहे हो तुमची.” त्याला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

साडेतीनला ते गावात शिरले. एकोणीस वर्षं तो इथं रोज येत होता आणि त्याला या गावातलं फक्त बसस्थानक माहीत होतं. स्थानकाचं फाटक, उपाहारगृह, ड्रायव्हरांची खोली, तिथली मोडकी खाट. फाटकासमोर व्याहीबुवांनी वेग कमी केला. “आत जायचं ना? तुमची माणसं भेटतील.”

पाच-चाळीसनं आत पाहिलं. धुतलेल्या बसखालून पाणी वाहत होतं, कुणीतरी टायरवर लाथ मारून हवा बघत होतं. “आत माझं सगळं पाहून झालंय,” तो म्हणाला. “या डाव्या गल्लीत काय आहे, ते मात्र कधी पाहिलं नाही.”

गल्लीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान निघालं आणि दुकानावर भाड्याची खोली. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीवर राहणाऱ्यांसाठी नियमांचा कागद. व्याहीबुवांनी आंघोळीआधी त्यात सात चुका काढल्या आणि मालकाच्या परवानगीनं पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. मालक इतका खूश झाला की त्यानं दुकानाची नवी पाटी रंगवायला देण्याआधी त्यांच्याकडून तपासून घेतली.

पाच-चाळीसनं बायकोला फोन लावला. ती आणि विहीणबाई आदल्या दिवशीच पोचल्या होत्या.

“अगं, ती वळणावरची बाई भेटली.”

“हात करणारी? मग?”

“ती हात करत नव्हती. हॉर्न वाजवू नका म्हणून सांगत होती.”

पलीकडं बायको इतकी हसली की फोन विहीणबाईंकडे गेला, विहीणबाईंकडून सुनेकडे गेला, आणि शेवटी नातीकडे आला. नातीनं हसण्याचं कारण विचारलंच नाही. “आजोबा, आज घाट झाला? उतरून ढकललीत की बसून?”

“बसून.”

“पूर्ण?”

“नवव्या किलोमीटरला थोडं थांबलो.”

“मग चालेल,” नात म्हणाली आणि फोन परत आजीकडे गेला. आजीचं अजून आवरलं नव्हतं. “मी तेव्हाच म्हणाले होते, अनोळखी माणसाला कुणी रोज हात करतं का? तर म्हणे, तुला माणसं कळत नाहीत!”

“मलाच कळत नाहीत,” तो म्हणाला. “पाय कसे आहेत विचारलं नाहीस अजून.”

“कसे आहेत?”

“मस्त आहेत.” आणि खरंच होते.

ऊन उतरल्यावर दोघं गल्लीच्या शेवटापर्यंत गेले. तिथं नदी निघाली. बसस्थानकापासून पाच मिनिटांवर एवढी नदी होती आणि त्याला पत्ता नव्हता. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. त्यांवर एक बाई गालिचा घासत होती, पलीकडं दोन म्हातारे गळ टाकून बसले होते. व्याह्यांनी बूट काढले, पाय पाण्यात सोडले आणि गुडघ्यापर्यंत आलेला तो गारवा डोळे मिटून घेतला. पाव आणि दोन सफरचंदं होती. एक सफरचंद किडकं निघालं, म्हणून उरलेलं त्यांनी अर्धं अर्धं केलं.

“तुमच्या पोटरीचं कसं आहे?” पाच-चाळीसनं विचारलं.

“ठणकते आहे,” व्याहीबुवा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी विचारताक्षणी खरं उत्तर दिलं होतं. “उद्या सकाळी जरा सावकाश घेऊ या का?”

“घेऊ की. उद्याचा रस्ता मलाही ठाऊक नाही. विचारत विचारतच जावं लागेल.”

“विचारायचं काम माझ्याकडे,” व्याहीबुवा म्हणाले. “पाट्यांवर माझा विश्वास नाही.”

त्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्या गळाला काहीतरी लागलं आणि दुसरा त्याला काय करायचं ते शिकवायला लागला. दोघं ते संपेपर्यंत पाहत बसले. मासा सुटला. मग त्यांनी बूट हातात घेतले आणि अनवाणीच खोलीकडे चालू लागले. गल्लीतली फरशी दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होती.